टाच

डमीला आम्ही नाव ठेवलंय गजाननराव.
विद्यापीठाच्या तिसऱ्या मजल्यावर, खाट क्रमांक दोन.
रबरी कातडी, एक डोळा मिटत नाही,
ढोपराचा खिळा सैल.
कूस बदलली की करकरतो,
आणि तय्यबा म्हणते, "बस चाचा, झालंच."
तय्यबा एकोणीस, मी एकेचाळीस.
हजेरीत तांडेलनंतर तांबोळी,
म्हणून आमची जोडी.

नाडी मला पहिल्याच दिवशी सापडली.
ती शोधत राहिली, माझी बोटं थेट जाऊन बसली.
"कुठे शिकलात?" लिसम्मा मॅडमनी विचारलं.
म्हटलं, सेक्टर नऊच्या बाजारात, ओट्यावर.
बोंबील सकाळचा का कालचा, ते डोळे सांगत नाहीत.
अजूनही हात धुताना नखं तळव्यावर घासते
तेव्हा वाटतं, एखादा खवला निघेल.

मॅडम कोट्टायमच्या, मराठी वाशीची.
"पेशंट झोपला कसा ते बघू नका.
टेकला कुठे ते बघा."
खडूनं गजाननरावांवर खुणा केल्या.
डोक्याची मागची बाजू. खांदे. कोपर.
माकडहाड.
टाच.
मुली वहीत चित्र काढत होत्या.
माझं पेन उघडंच राहिलं.

आबांना मी चार वर्षं फिरवलं.
भरतीला उजवी कूस, ओहोटीला डावी.
घणसोलीच्या आमच्या घरात घड्याळ होतं,
पण मासळीचा हिशेब खाडीवर चालायचा,
सासऱ्यांचाही त्यावरच धरला.

पुस्तकात दोन तास लिहिलंय.
भरतीपासून ओहोटीपर्यंत सहा.

पाठ रोज पुसायची. पावडर लावायची.
केस विंचरायची, होते तेवढे.
पायात लोकरीचे मोजे, कारण त्यांना थंडी वाजे.
एकदा मोजा काढला
तर त्याच्याबरोबर कातडी आली,
विडीच्या पानाएवढी.
नवरा म्हणाला, वय झालं त्यांचं.
तेराव्याला नणंद सगळ्यांसमोर म्हणाली,
वहिनीनं केलं तेवढं पोटची मुलगी करणार नाही.
ते कौतुक
अजून जिरलेलं नाही.

फळ्याच्या कोपऱ्यात मॅडमचं एक वाक्य कायम असतं,
ते पुसायचं नाही:
जे लिहिलं नाही, ते केलं नाही.
एका रात्री मी वहीच्या मागच्या पानावर रकाने आखले.
तारीख, वेळ, कूस, सही.
आबांच्या तीन दिवसांचं भरलं आठवून आठवून.
मग एक रकाना राहिला होता तो आखला
आणि पेन खाली ठेवलं.
पान फाडलं नाही. दुमडलं.

ऐरोली. पुरुष वॉर्ड. पहिली रात्रपाळी.
खाट अकरा, बारकू मढवी, अर्धांग.
घरच्यांनी पायात मोजे घातलेले, नवे,
घडीची रेघ अजून तशीच.
मी चादर वर केली.
"पायान काय बगतेस गो? दुखना डोक्यान हाय."
"असू दे," म्हटलं, "मला इथूनच शिकवलंय."
ते हसले, अर्ध्याच तोंडानं.

उजवी टाच लाल.
बोटानं दाबली. पांढरी झाली.
बोट उचललं, पुन्हा लाल.
म्हणजे अजून वेळ आहे.
पोटरीखाली उशी सरकवली,
टाच अधांतरी राहील अशी.
सिस्टरना सांगितलं.
मग टेबलापाशी उभ्या उभ्याच लिहिलं:
रात्री दोन दहा. कूस डावी.
उजवी टाच लाल, दाबल्यावर फिकी. उशी दिली.
खाली सही, आडनावासकट,
प्रशिक्षणार्थी हा शब्द मावेना म्हणून जरा वाकडा.

चार दहाला परत गेले. मोजे उशाशी होते.
खिडकीतून खाडीचा काळा पट्टा दिसतो तिथून.
भरती होती का ओहोटी,
पाहिलं नाही.